पिसाच्या दहा प्लॉसिबल व्हॅल्यू आणि बडोद्यातली ३०० मुले: तुलना कशी करायची?

रावपुरा:
नमस्कार. एम.एड.च्या लघुप्रबंधासाठी पिसा (१५ वर्षांच्या मुलांची ओईसीडीची आंतरराष्ट्रीय चाचणी) २०२२ ची विद्यार्थी-फाइल एसपीएसएस या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली आहे. दोन शंका आहेत.

गणितासाठी प्रत्येक मुलापुढे दहा प्लॉसिबल व्हॅल्यू, म्हणजे संभाव्य गुण, दिसतात. त्यांची सरासरी काढून एकच गुण धरू का? वेट (ते मूल देशातल्या किती मुलांच्या जागी आहे तो आकडा) लावून दोन सरासरींची टी-चाचणी घेतली की कोणतेही दोन देश घेतले तरी फरक सार्थच, म्हणजे योगायोगापलीकडचा, निघतो, हेही खटकते आहे.

दुसरे, बडोद्यातल्या सहा शाळांतल्या नववीच्या ३०० मुलांना पिसाचे प्रसिद्ध झालेले प्रश्न देऊन त्यांची सरासरी व्हिएतनामशेजारी मांडायचा विचार करते आहे. माध्यमे गुजराती, इंग्रजी, मराठी. मांडता येईल?

फतेगंज:
सरासरी काढू नका. पिसात एका मुलाला सगळे प्रश्न मिळत नाहीत, दोन तासांत बसेल एवढाच भाग वाट्याला येतो. म्हणून मुलाची क्षमता ज्या पट्ट्यात असू शकते, त्यातून दहा आकडे उचललेले असतात. मुलागणिक त्यांची सरासरी केली तर देशाची सरासरी ठीक येईल, पण मुलामुलांतला फरक आकसेल. मग गणितात दुसऱ्या पातळीखाली, म्हणजे सुमारे ४२० गुणांखाली, किती टक्के मुले आहेत हे चुकेल. धोरणाच्या दृष्टीने माझ्या मते तोच आकडा सगळ्यात मोलाचा.

गणित दहा वेळा करायचे आणि शेवटी दहा उत्तरांची सरासरी घ्यायची. प्रत्येक वेळी अंतिम विद्यार्थी-वेटने एकदा आणि ८० रेप्लिकेट वेटनी (नमुना थोडा वेगळा पडला असता तर काय, हे पाहण्यासाठी फाइलमध्येच दिलेले बदललेले वेट) ८० वेळा. मूळ उत्तर आणि ही ८० उत्तरे यांतल्या फरकांच्या वर्गांची बेरीज भागिले २०, हे नमुन्याचे प्रसरण (व्हेरियन्स). दहाही वेळच्या अशा प्रसरणांची सरासरी काढा. तिच्यात दहा उत्तरांमधल्या प्रसरणाची १.१ पट मिळवा. वर्गमूळ म्हणजे प्रमाण त्रुटी (स्टँडर्ड एरर). हाताने करायची गरज नाही: आयईए या आंतरराष्ट्रीय शिक्षण-संशोधन संस्थेचा आयडीबी अ‍ॅनालायझर मोफत आहे आणि एसपीएसएसवरच चालतो. 'आर' ही संगणकभाषा येत असेल तर तिची राल्सा किंवा इंटस्वी ही पॅकेजे.

टी-चाचणीचे कारण असे की एसपीएसएसची साधी वेट-आज्ञा वेटला मुलांची संख्या समजते. त्या वेटची बेरीज देशातल्या पात्र मुलांच्या संख्येजवळ जाते, म्हणजे काही हजारांचा नमुना लाखांचा होतो. त्रुटी जवळजवळ शून्य, सगळेच सार्थ!

समजा एका देशाचे ४८७ (त्रुटी ३) आणि दुसऱ्याचे ४८१ (त्रुटी ४). फरक ६, त्याची त्रुटी ५. सार्थ ठरायला ९.८ तरी हवा होता. क्रमवारीत मात्र हे दोघे चार-पाच जागा लांब दिसू शकतात.

दांडिया बाजार:
ताई, दुसऱ्या शंकेचे उत्तर स्पष्ट 'नाही' असे आहे. प्रसिद्ध प्रश्न थोडेच असतात. बाकीचे पुढच्या फेऱ्यांशी जोडणी ठेवण्यासाठी गुप्त राहतात, त्यामुळे तुमचे बरोबर उत्तरांचे टक्के पिसाच्या मापावर बसत नाहीत. शिवाय पिसा वयावर चालते: १५ वर्षे ३ महिने ते १६ वर्षे २ महिने. आपल्याकडे ही मुले नववी, दहावी, अकरावीत विखुरलेली असतात. इयत्ता धरायची असेल तर टिम्स या गणित-विज्ञानाच्या आंतरराष्ट्रीय चाचणीची आठवी जवळची, तिचे प्रश्न अभ्यासक्रमालाही धरून असतात.

पण खरी गोची सहा शाळांची आहे. एकाच शाळेतली मुले एकमेकांसारखी असतात. शाळाशाळांतल्या फरकाचा वाटा ०.४ धरला, तर दर शाळेत ५० मुले घेतल्यावर डिझाइन परिणाम (शाळांच्या गटांमुळे प्रसरण किती पट वाढते तो आकडा) १ + ४९ × ०.४ = २०.६ होतो. ३०० मुले जेमतेम १५ मुलांइतकी माहिती देतात. तीच ३०० मुले ३० शाळांतून दहा-दहा घ्या: परिणाम ४.६, माहिती ६५ मुलांइतकी. पिसा दर देशाकडून किमान १५० शाळा मागते ते यासाठीच.

सयाजीगंज:
मार्गदर्शकांना भारतीय आकडा हवाच असेल तर पिसा २००९ चा वाढीव टप्पा पाहा. त्यात तमिळनाडू आणि हिमाचल प्रदेश होते, गुजरात नव्हते. दोन्ही राज्ये यादीच्या तळाशी होती, पण 'भारत शेवटून दुसरा' असे लिहू नका, तो नमुना दोन राज्यांचाच होता. त्या फेरीत प्लॉसिबल व्हॅल्यू पाचच आहेत, म्हणून वरच्या सूत्रात १.१ ऐवजी १.२ येईल.

रावपुरा:
व्हिएतनाम वगळते, ३० शाळा घेते. मराठी माध्यमाच्या शाळा मोजक्याच आहेत, त्या सगळ्या घेतल्या तर चालेल?

दांडिया बाजार:
चालेल, तेच करा. माध्यम हा स्तर धरून प्रत्येक स्तरातून वेगळी निवड करा. मात्र शहराची एकत्र सरासरी काढताना प्रत्येक मुलाला निवडीच्या संभाव्यतेचा व्यस्त वेट द्या, नाहीतर मराठी शाळांचा आवाज प्रमाणाबाहेर वाढेल. आणि प्रश्नांचे भाषांतर दोघांकडून स्वतंत्रपणे करून घ्या, मग तिसऱ्याने दोन्ही जुळवावीत. मराठी प्रश्न गुजरातीपेक्षा लांब किंवा अवघड झाला, तर तुम्ही गणित नव्हे, वाचन मोजाल.