मदत हवी आहे : सतरा वर्षांच्या मुलाची राहण्याची सोय, पुणे

नमस्कार मंडळी. मी पुण्यात रात्रशाळेत शिकवते. दहावीतला एक मुलगा सावत्र वडिलांच्या माराला कंटाळून घराबाहेर पडलाय. एका खाणावळीत काम करतो आणि तिथेच भटारखान्यात, पिठाच्या पोत्यांशेजारी झोपतो. शाळा सुटली की पुन्हा भांडी, मध्यरात्र उलटेपर्यंत. पगार मालक 'जमा आहे' म्हणतो, हातात काही देत नाही. वास्तविक अठरा वर्षांखालच्या मुलांना संध्याकाळी ७ ते सकाळी ८ या वेळेत कामाला लावायला कायद्यानेच बंदी आहे. परवा वही पुढे केली तेव्हा मनगटावर तेलाने भाजल्याचे फोड दिसले. फार वाईट वाटलं.

१०९८ ला (मुलांसाठीची मदतवाहिनी) फोन करू म्हटलं तर तो घाबरतो. 'रिमांड होममध्ये टाकतील, नाहीतर घरी धाडतील,' हेच डोक्यात. पण थोड्याच महिन्यांत तो अठराचा होईल. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात, बालगृहातून अठराव्या वर्षी बाहेर पडणाऱ्यांना २१ वर्षांपर्यंत अनुरक्षण गृहाचा (अठरानंतर राहण्याची सोय) आधार आहे. म्हणून मला घाई आहे.

बाल कल्याण समितीपुढे (अशा मुलांना कुठे ठेवायचं ते हीच ठरवते) एवढ्या मोठ्या मुलाला कुणी नेलंय का? समिती त्याचं म्हणणं ऐकून घेते का? बालगृहात राहून हीच शाळा चालू ठेवता येईल का? परीक्षा तोंडावर आहे. आणि अडकलेल्या पगारासाठी कामगार कार्यालयात जावं की आधी पोलिसांत? प्रत्यक्ष अनुभव असलेल्यांनी कृपया लिहा. त्याचं नाव किंवा खाणावळीचा पत्ता इथे विचारू नका.