झेपेलिन संग्रह: आधी लिफाफे घ्यावेत

झेपेलिनच्या, म्हणजे जर्मन बनावटीच्या महाकाय हवाई जहाजांच्या, वस्तूंच्या संग्रहाची सुरुवात ‘हिंडेनबर्ग’ या झेपेलिनच्या सांगाड्यातील ड्युराल्युमिनच्या (ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या) तुकड्यापासून करावी, ही कुणीतरी केलेली सूचना मला धोक्याची वाटते; कारण तुकडा त्याच झेपेलिनचा आहे हे दाखवणारी मालकीची सलग नोंद नसेल, तर विक्रेत्याच्या शब्दाखेरीज हाती काहीच उरत नाही. त्याऐवजी ‘ग्राफ झेपेलिन’ या दुसऱ्या हवाई जहाजाने वाहून नेलेले टपालाचे लिफाफे घ्यावेत. त्या उड्डाणांचा खर्च भागवण्यात टपालाचा मोठा वाटा होता, त्यामुळे असे लिफाफे पुष्कळ उपलब्ध आहेत. शिवाय तिकिटावरील शिक्का, उड्डाणाचा विशेष शिक्का आणि बहुधा मागील बाजूस असणारा पोहोचीचा शिक्का परस्परांशी ताडून पाहता येतात. अमेरिकेची १९३० सालची ६५ सेंट, १.३० डॉलर आणि २.६० डॉलरची झेपेलिन तिकिटे मंदीमुळे फारशी खपली नाहीत व उरलेला साठा नष्ट करण्यात आला, म्हणून ती महाग आहेत. ६ मे १९३७ रोजी अमेरिकेतील लेकहर्स्ट येथे ‘हिंडेनबर्ग’ला लागलेल्या आगीतून वाचलेली मोजकी पत्रे तज्ज्ञाच्या प्रमाणपत्राशिवाय मुळीच घेऊ नयेत, आणि मिळालीच तर त्यांच्या करपलेल्या कडा साफ करण्याचा मोह कटाक्षाने टाळावा.