नाचाच्या बुटांचा घामट वास आणि बेळगावचा पाऊस : तुमचे अनुभव सांगा

अनगोळची आई

लेक बॅले शिकते. क्लासहून आली की पिशवी दारातच ठेवायला सांगते मी, यावरून काय ते समजा. हे बूट कसे धुवायचे हे खडेबाजारात विचारलं तर दुकानदार म्हणतो, "वहिनी, शाळेच्या बुटांना लावतो तसं पांढरं लावून सोडा की." नेटवर सल्ले ढीगभर आहेत, पण ते सगळे कोरड्या हवेतल्या लोकांचे. रात्री धुवा, सकाळी घाला म्हणतात. जुलैत आमच्याकडे रात्रभरात रुमाल वाळत नाही!

म्हणून हा धागा. नाचाचे, खेळाचे, कसलेही घामाचे बूट घरात असतील तर लिहा. अट एकच : बूट कापडाचा, चामड्याचा की सॅटिनचा, ते आधी सांगायचं. त्याशिवाय सल्ला देऊ नये आणि घेऊही नये.

टिळकवाडीकर काकू

आमचे कॅनव्हासचे, तळव्याला स्वेडचे, म्हणजे लव असलेल्या मऊ चामड्याचे, दोन तुकडे चिकटवलेले. हे धुता येतात, पण बादलीत भिजत टाकायचे नाहीत. तळव्याचा गोंद सुटतो आणि स्वेड वाळल्यावर पापडासारखं कडक होतं.

मी आधी कोरड्या ब्रशने झाडते. क्लासमध्ये पाय घसरू नये म्हणून राळेची पूड लावतात, ती तळव्याला बसलेली असते. राळ पाण्यात विरघळत नाही, ओली केली की नुसती चिकट फासली जाते, म्हणून झाडणं आधी. मग गार पाण्यात लोकरीच्या कपड्यांचं पातळ साबण थोडंसं, जुना टूथब्रश, आणि फक्त कापडावर हात फिरवायचा. अंगठ्याची जागा आणि टाच, मळ तिथंच असतो. साबण राहू द्यायचा नाही, राहिला तर पुढच्या घामाबरोबर पायाला चावतो. पिळायचं नाही. पंचात गुंडाळून दाबायचं, मग हाताने ओढून आकार द्यायचा. ब्लीच बिलकूल नको, इलॅस्टिकचा जीव जातो.

तळवा अगदी गुळगुळीत झाला असेल तर वाळल्यावर बारीक पॉलिश पेपर हलकाच फिरवा. स्वेडची लव परत उभी राहते.

जांबोटीकर

बॅले काय ते आम्हाला माहीत नाही, पोरगा फुटबॉल खेळतो. पण वाळवण्याबद्दल आमच्याइतकं कोण सांगणार? खानापूर तालुक्याचा हा पश्चिमेचा पट्टा, पाऊस लागला की सूर्य विसरायचा. आई बूट चुलीजवळ ठेवायची. चामडं तडकतं आणि धुराचा वास वेगळाच. आता फॅनखाली, तोंड फॅनकडे करून आडवे ठेवतो. आत कागद कोंबायचा आणि तो ओला झाला की बदलायचा. बदलत नाहीत लोक, तिथेच गणित चुकतं. एक मात्र : गुलाबी-पांढऱ्या बुटात थेट वर्तमानपत्र नको, शाई उतरते. आधी कोरा कागद, त्यात रद्दी.

बेंगळूरुत शिकणारी शहापूरची मुलगी

सॅटिनचे पॉइंट शूज, म्हणजे बोटांच्या टोकावर उभं राहून नाचायचे बूट, असतील तर वरचं सगळं विसरा. पाणी नाही म्हणजे नाही. बोटांपुढचा तो टणक डबा लाकडाचा नसतो. कापडाचे नाहीतर कागदाचे थर खळीने चिकटवून कडक केलेले असतात. घामानेच तो हळूहळू मऊ पडतो, मग नळाखाली काय होईल! मोठ्या कंपन्यांतल्या नर्तकींचा एक जोड कधीकधी एकाच प्रयोगात संपतो, तो यामुळेच.

नाचून झालं की आतले टो-पॅड, म्हणजे बोटांभोवतीच्या गाद्या, लगेच बाहेर काढते. खरा वास त्यांचाच असतो, आणि कापडी पॅड धुता येतात. बूट पिशवीत बंद न करता खुर्चीच्या पाठीला रिबनने टांगायचे. सॅटिनवरचा डाग जात नाहीच, तो झाकायचा. कापसाच्या बोळ्याने कॅलामाइन लोशनचा पातळ हात द्या. चकाकीही मरते आणि स्टेजच्या दिव्यांत बूट पायाच्या रंगात मिसळतो. घरी आले की आजी विचारते, "काय करालायस गं, बुटाला गोवर आलाय काय?"

अथणीकर

आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या पायताणं. कोल्हापुरी म्हणून जी विकली जाते, त्यातली बरीच आमच्या अथणी-निपाणी भागात बनते. भौगोलिक मानांकनातही बेळगाव जिल्हा आहे, हे जाता जाता. ते चामडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं, जाड, तेल पितं. म्हणून कुणी बॅलेच्या चामडी बुटाला तेल चोळा म्हणेल तर ऐकू नका. ते पातळ आणि मऊ असतं, तेलाने सैल पडतं, आणि तळव्याला तेल गेलं तर पोर घसरून पडेल. ओलसर फडक्याने पुसा, लगेच कोरड्याने पुसा, सावलीत ठेवा. ऊन दाखवू नका. झालं.

निपाणीचे विज्ञान मास्तर

ताज्या घामाला फारसा वास नसतो. कातडीवरचे जिवाणू घामातले पदार्थ फोडतात आणि आम्लं तयार होतात. त्यातलं आयसोव्हॅलेरिक आम्ल म्हणजे तो जुन्या चीजसारखा वास. खायचा सोडा चालतो तो याच कारणाने, आम्लाला मारतो आणि थोडी ओलही ओढतो. पण सैल टाकू नका, शिवणीत बसतो. जुन्या सुती मोज्यात भरा, गाठ मारा, रात्रभर बुटात ठेवा, सकाळी काढा.

बूट फ्रीजरमध्ये ठेवायचा उपाय फिरतोय. थंडीने बरेच जिवाणू मरत नाहीत, झोपतात. बूट पायात गेला की परत कामाला. आणि अत्तर, पावडर वगैरे म्हणजे वासावर वास.

वडगावची भरतनाट्यमवाली

आम्ही अनवाणी, सुटलो! पण घुंगरांच्या चामडी पट्ट्यांचा वास कुणी घेतलाय का? सोड्याचा मोजा आज करून बघते.

कॅम्पमधली फार्मसीवाली

एक राहिलं. बोटांच्या बेचक्यात खाज, पांढरी सालं दिसत असतील तर ती बुटाची गोष्ट नाही, बुरशी आहे. त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा, आणि तोवर एकमेकींचे बूट घालू देऊ नका. क्लासमध्ये हे सर्रास चालतं. शक्य असेल तर दोन जोड आलटून पालटून वापरा. एक दिवस विश्रांती मिळाली तरी फरक पडतो.

अनगोळची आई

सगळ्यांना धन्यवाद. आमचे कॅनव्हासचे, म्हणजे काकूंची पद्धत आणि जांबोटीकरांचा फॅन. प्लॅस्टिकची पिशवी आजच टाकली. हवा खेळेल अशी जाळीची पिशवी आपल्याकडे कुठे मिळेल?

टिळकवाडीकर काकू

विकत कशाला? कांदे येतात ती जाळी धुऊन वापरा की.