लंपी आली की जनावरांचा बाजार बंद ठेवावा का?

माणदेशी (आटपाडी)
खरसुंडीच्या यात्रेतल्या खिलार जातीच्या बैलांच्या बाजारावर आमच्या भागातल्या कित्येक घरांचं वर्ष निघतं, हे मला ठाऊक आहे. तरी म्हणतो, आसपास लंपीचं, म्हणजे अंगावर गाठी आणणाऱ्या त्या साथीच्या रोगाचं, एक जनावर सापडलं तरी बाजार आणि शर्यती बंदच ठेवाव्यात. २०२२ ला बंदी यायच्या आधी बाजारातून खोंड आणला. दिसायला ठणठणीत. आठव्या दिवशी ताप, मग मानेवर सुपारीएवढ्या गाठी. गळ्याखालची पोळी सुजून लोंबायला लागली, पाय एवढे सुजले की खाली बसता येईना, रात्रभर उभाच. तो वाचला. शेजारी बांधलेली चार महिन्यांची कालवड गेली. लागण झाल्यावर गाठी दिसायला कधी कधी चार आठवडेही जातात. मग नुसतं बघून जनावर बाजारात सोडण्याला काय अर्थ?

गोठा विटा
दादा, कालवडीचं ऐकून वाईट वाटलं. पण बाजार बंद झाला म्हणून विक्री थांबत नाही. त्या वर्षी व्यापारी रात्री टेम्पो घेऊन दारात यायचे आणि ७० हजारांचा बैल ४० ला मागायचे. पोरीच्या लग्नासाठी, दवाखान्यासाठी ज्याला विकायचाच होता, त्यानं दिला. लंपीनं मेलेल्या गाईला शासनानं तेव्हा ३० हजार, बैलाला २५ आणि वासराला १६ हजार ठरवले. बाजार बुडाल्याचे कोण देणार? शिवाय रोग पसरवतात गोमाशा, डास, गोचीड. त्यांना बंदी कशी घालणार?

माणदेशी (आटपाडी)
माशी या गोठ्यातून त्या गोठ्यात नेईल. तालुके ओलांडून नेतो तो टेम्पो. वाळलेल्या खपलीत हा विषाणू महिनाभरसुद्धा जिवंत राहतो. फेरी झाल्यावर टेम्पोचा तळ धुताना कुणाला पाहिलंय?

पुसेगावकर
तेच तर! टेम्पो दारोदार फिरतोच आहे, मग बाजार बंद ठेवून काय साधलं? आमच्या सेवागिरी यात्रेत निदान जनावर चारचौघांत तपासता येतं. खरा घोळ लसीच्या तारखेचा आहे. लंपीचा विषाणू शेळ्यांच्या देवी रोगाच्या विषाणूच्याच कुळातला, म्हणून शेळ्यांचीच लस गाई-बैलांना टोचली. पण अंगात रोगाशी लढायची ताकद यायला तीनेक आठवडे लागतात. लोक बाजाराच्या दोन दिवस आधी टोचून दाखला घेतात. तो दाखला धरूच नये. कानातल्या बिल्ल्यावर तारीख चढवा, २८ दिवस झालेलं जनावरच आत घ्या.

गोठा विटा
हे पटतं. पण लस गावात वेळेवर आली तर. जतच्या वाड्यावस्त्यांवर डॉक्टर पोचेपर्यंत रोग येऊन गेलेला असतो.

माणदेशी (आटपाडी)
२८ दिवसांची अट खरंच पाळणार असाल, तर बंदीचा हट्ट मी सोडतो. मी आता नवं जनावर महिनाभर मळ्यातल्या छपरात वेगळं बांधतो. बादली वेगळी, वैरण वेगळी, संध्याकाळी कडुनिंबाचा धूर. ज्याला एकच दावण आहे, त्यानं नवं जनावर कुठं बांधायचं? त्याच्यासाठी अडवायचं ते बाजाराच्या दारातच.