रॉजर झेलाझ्नी यांची ‘लॉर्ड ऑफ लाइट’: देवतांची थट्टा की आणखी काही?

राजारामपुरीचा वाचक

नमस्कार. कोल्हापुरातील आम्हा सात-आठ वाचकांच्या गटाने या महिन्यात अमेरिकन लेखक रॉजर झेलाझ्नी यांची १९६७ सालची ‘लॉर्ड ऑफ लाइट’ ही कादंबरी वाचायला घेतली आहे. यम, काली, अग्नी, ब्रह्मा अशी नावे धारण करणारी पात्रे आणि ‘महासमात्मन’ या नावाचे पुढचे-मागचे भाग गाळून स्वतःला नुसते ‘सॅम’ म्हणवणारा नायक पाहून आमच्यातील दोघांनी, ही आपल्या दैवतांची थट्टा आहे, असे म्हणून पुस्तक मिटून ठेवले. मला ते पटलेले नाही. पण का पटले नाही, हे मला नीट मांडता आलेले नाही. हा लेखक कोण होता आणि कोणत्या वाटेने या विषयापर्यंत आला, हे जाणकारांनी सांगावे. शिवाय पहिल्या प्रकरणानंतर कथेचा धागा माझ्या हातून सुटला आहे, त्याबद्दलही मार्गदर्शन व्हावे.

जुना वर्गणीदार

आधी धाग्याविषयी सांगतो, कारण बरेच वाचक तेथेच थांबतात. कादंबरीत सात प्रकरणे आहेत. पहिले प्रकरण कालक्रमाने जवळजवळ शेवटचे आहे. दुसऱ्यापासून सहाव्यापर्यंत मागची हकीकत येते आणि सातव्यात पहिल्याचा धागा पुन्हा उचलला जातो. सहावे प्रकरण संपल्यावर पहिले पुन्हा वाचावे, म्हणजे त्यातील यमाचे आणि सॅमचे बोलणे पूर्ण निराळे ऐकू येते.

झेलाझ्नी यांचा जन्म १३ मे १९३७ रोजी ओहायो राज्यातील युक्लिड येथे झाला. वडील पोलंडहून आलेले होते. कोलंबिया विद्यापीठात एलिझाबेथच्या काळातील आणि त्यानंतरच्या इंग्रजी नाटकांचा अभ्यास करून त्यांनी १९६२ साली एम. ए. पदवी मिळवली. त्यांच्या संवादांना असलेला रंगमंचीय डौल मला त्या अभ्यासाचे फळ वाटतो. त्याच वर्षी त्यांच्या विज्ञानकथा मासिकांतून छापून येऊ लागल्या आणि त्याच वर्षी ते सरकारच्या सामाजिक सुरक्षा खात्यात नोकरीला लागले, प्रथम क्लीव्हलँड येथे आणि नंतर बाल्टिमोर येथे. ‘लॉर्ड ऑफ लाइट’ त्यांनी नोकरी सांभाळून लिहिली, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. १९६६ साली त्यांच्या पहिल्या कादंबरीला फ्रँक हर्बर्ट यांच्या ‘ड्यून’च्या बरोबरीने विज्ञानकथांसाठी दिला जाणारा ह्यूगो पुरस्कार मिळाला आणि १९६८ साली ‘लॉर्ड ऑफ लाइट’लाही तो लाभला. त्यानंतर, १९६९ साली, त्यांनी नोकरी सोडली.

पुढे ‘अँबर’ मालिकेच्या दहा कादंबऱ्यांनी त्यांना मोठा वाचकवर्ग दिला. १९७५ पासून ते न्यू मेक्सिको राज्यातील सांता फे येथे राहत होते आणि १४ जून १९९५ रोजी, वयाच्या अवघ्या ५८ व्या वर्षी, कर्करोगाने त्यांचे निधन झाले. एकूण सहा ह्यूगो आणि तीन नेब्युला पुरस्कार त्यांच्या नावावर आहेत.

पंचगंगाकाठ

थट्टेच्या आक्षेपाबद्दल मला विस्ताराने लिहायचे आहे. या कादंबरीतील देव हे मुळात देव नाहीतच. पृथ्वीवरून आलेल्या एका यानातील ती माणसे आहेत. एका शरीरातून दुसऱ्या शरीरात मन हलवण्याचे यंत्र त्यांच्या हाती आहे आणि त्या बळावर त्यांनी आपल्याच वंशजांवर देवपण गाजवायला सुरुवात केली आहे. कोणाला कोणता पुढचा जन्म द्यायचा, हे कर्माचे अधिकारी मनाची तपासणी करून ठरवतात. जो मुकाट राहील त्याला तरुण देह मिळतो आणि जो विरोध करील त्याला जनावराचा. टाक नावाचा पूर्वीचा योद्धा पहिल्या प्रकरणात वानराच्या देहात भेटतो, तो याच कारणाने. खाली माणसांनी छपाईयंत्रासारखा एखादा शोध लावला की वरचे ते मोडून टाकतात. सॅमचे भांडण श्रद्धेशी नसून ज्ञानाच्या मक्तेदारीशी आहे.

कोल्हापूरकराला हे परके वाटण्याचे कारण नाही. कोणत्या मंत्रांनी कोणाचा विधी व्हावा, यावरून १८९९ साली पंचगंगेच्या घाटावर वाद उभा राहिला आणि त्याच वेदोक्त प्रकरणातून पुढे जाऊन राजर्षी शाहू महाराजांनी १९०२ साली मागासवर्गीयांसाठी नोकऱ्यांत निम्म्या जागा राखल्या, तर १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. झेलाझ्नींच्या मनात हा इतिहास होता, असे मी मुळीच म्हणत नाही. परंतु विद्या वरच्यांच्या कुलुपात ठेवली की खालच्यांचे नशीबही तेच लिहितात, ही गोष्ट आपल्या गावाने सोसलेली आहे आणि म्हणून हे पुस्तक आपल्याला अमेरिकन वाचकापेक्षा अधिक जवळून वाचता येते.

शाहूपुरी ४

वरील प्रतिसादाशी मी बऱ्याच अंशी सहमत आहे, तरी आक्षेप घेणाऱ्या दोघांना मी सर्वस्वी चूक म्हणणार नाही. झेलाझ्नींनी आपल्या परंपरेतील नावे आणि आयुधे घेतली. त्यामागची भक्ती आणि तत्त्वचिंतन मात्र थोडेच घेतले. अनेक ठिकाणी हे देव म्हणजे भरजरी पोशाखातील दरबारी माणसे वाटतात आणि ही उणीव खरी आहे.

माझ्या मते पुस्तकाचा खरा कस लागतो तो बुद्धाच्या भागात. सॅम बुद्धाची शिकवण लोकांसमोर आणतो, ती मनापासून पटली म्हणून नव्हे, तर देवांविरुद्धचे शस्त्र म्हणून. मात्र त्याला मारण्यासाठी कालीने पाठवलेला रिल्ड नावाचा मारेकरी वाटेत आजारी पडतो, भिक्षूंच्या शुश्रूषेने बरा होतो आणि खरोखर ज्ञानी होऊन बसतो. उपदेशकाचा विश्वास नसतानाही उपदेश खरा ठरतो आणि हे सॅमला स्वतःला मान्य करावे लागते. ज्या महाराष्ट्राने १४ ऑक्टोबर १९५६ रोजीचे नागपूरचे धम्मदीक्षेचे दृश्य पाहिले, त्याने हे प्रकरण घाईने उलटू नये.

राजारामपुरीचा वाचक

आपणा सर्वांचा मी मनापासून आभारी आहे. रिल्डचे प्रकरण मी काल रात्री पुन्हा वाचले. ज्या दोघांनी पुस्तक मिटले होते, त्यांपैकी एक सद्गृहस्थ तेवढेच एक प्रकरण ऐकायला तयार झाले आहेत; येत्या रविवारी ते मी गटात मोठ्याने वाचून, अडेल तेथे मराठीत सांगणार आहे.