मदत हवी आहे: परसातल्या हौदाचं पाणी हिरवं होतंय, गोल्डफिश मरतायत

नमस्कार मंडळी,

आम्ही नाशिकला, मखमलाबादकडे राहतो. मागच्या दारी जुना सिमेंटचा हौद होता, तो गेल्या दिवाळीत आतून नीट करून त्यात गोल्डफिश सोडले. आठ फूट लांब, पाच फूट रुंद, पाणी सव्वादोन फूट, म्हणजे अंदाजे अडीच हजार लिटर. मासे अकरा होते. मार्चपासून चार गेले. कालचा मासा सगळ्यात मोठा, सासऱ्यांच्या बोटाला येऊन लागायचा. अप्पा कालपासून मागच्या ओट्यावर बसलेले नाहीत, म्हणून आज लिहायला घेतलं.

हिवाळाभर काही त्रास नव्हता, तळ स्पष्ट दिसायचा. मार्चमध्ये भिंतीलगतचा शेवगा काढावा लागला आणि दुपारचं ऊन थेट हौदावर यायला लागलं. तेव्हापासून पाणी हिरवं. शेवाळ भिंतींना फारसं नाही, पाण्यातच आहे. कोपरापर्यंत हात घातला की बोटं दिसत नाहीत.

फिल्टर घरीच केलाय: साठ लिटरचा निळा ड्रम, तळाला गोटे, वर स्पंजचे तीन थर. पंप तासाला हजार लिटरचा. दर रविवारी सगळं बाहेर काढून नळाच्या धारेखाली धुते, स्पंज अगदी पांढरे होईपर्यंत. सोमवारी पाणी बरं दिसतं, गुरुवारी पुन्हा तेच. म्हणून एप्रिलपासून आठवड्यातून दोनदा धुवायला लागले. मेलेल्या चारांपैकी तीन त्यानंतरचे आहेत.

एका दुकानातून शेवाळ मारायचं औषधही आणलं होतं. दोन दिवस पाणी निवळलं, तिसऱ्या दिवशी सकाळी एक मासा वर तरंगत होता.

पहाटे सगळे मासे वर येऊन तोंडं उघडतात, नऊ-दहापर्यंत ठीक होतात. एकाच्या शेपटीत लाल रेषा दिसतायत. टेस्ट किट आणून पाहिलं: अमोनिया १ पीपीएम, पीएच सकाळी ७.६ आणि संध्याकाळी ८.८. याचा अर्थ काय लावायचा? मोठा फिल्टर घेऊ, यूव्ही दिवा लावू, की हौद पूर्ण रिकामा करून नव्याने भरू? पाणी महापालिकेच्या नळाचं आहे.

पाणकणीस:
ताई, हौद रिकामा करू नका आणि औषध पुन्हा घालू नका. शेवाळ एकदम मेलं की कुजतं, आणि कुजताना पाण्यातला प्राणवायू खातं. तो मासा बहुधा त्यानेच गेला.

मला खरी अडचण तुमच्या धुण्यात दिसते. फिल्टर दोन कामं करतो. कचरा अडवणं हे छोटं काम. मोठं काम स्पंजवर आणि गोट्यांवर वाढणारे जिवाणू करतात: माशांच्या विष्ठेतून आणि श्वासातून येणाऱ्या अमोनियाचं आधी नायट्राइट, मग नायट्रेट. तो तपकिरी बुळबुळीत थर म्हणजेच तुमचा फिल्टर. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, त्याने तो दर खेपेला मरतो. पुन्हा बसायला चार ते सहा आठवडे लागतात, तुम्ही त्याला चार दिवस देताय. अमोनिया साठला की शेवाळालाही खत मिळतं, आणि आता वर ऊनही आहे.

संध्याकाळचा ८.८ पीएचही शेवाळामुळेच. दिवसा ते पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, म्हणून पीएच चढतो. रात्री तेच प्राणवायू वापरतं, म्हणून मासे पहाटे वर येतात. पीएच आणि उष्णता वाढली की तोच १ पीपीएम अमोनिया कितीतरी जास्त विषारी होतो. म्हणजे मे महिन्यातली संध्याकाळ सगळ्यात वाईट. शेपटीतल्या रेषाही त्याचंच लक्षण असू शकतं.

आज रात्रीच एअर पंप लावा, नसेल तर पंपाचं पाणी फूटभर उंचावरून पडू द्या. तीन दिवस खाणं बंद. निरोगी गोल्डफिश आठवडाभरही उपाशी राहू शकतो. रोज पाचवा हिस्सा पाणी बदला, पण क्लोरीन काढून: मत्स्यालयाच्या दुकानात अँटिक्लोरीन मिळतं ते टाका, किंवा पाणी पिंपात दोन दिवस उघडं ठेवा.

अंगणातली:
सावलीचं मी सांगते. पन्नास टक्क्यांची शेडनेट हौदाच्या पश्चिमेला ताणा, रोपवाटिकांना सामान देणाऱ्यांकडे मीटरवर मिळते. आमच्याकडे नेट लावल्यावर तीन आठवड्यांनी पाणी निवळायला लागलं. थोडी जलपर्णी सोडली तरी मुळं नायट्रेट शोषतात, पण वाढलेली जलपर्णी नाल्यात टाकू नका. गोदावरीत ती आधीच पुरेशी माजते. कंपोस्टमध्ये घाला.

धागाकर्ती:
इतके दिवस मी तो जिवंत थर हातांनीच घासून मारत होते, हे वाचून रडू आलं. एअर पंप आत्ता शेजारून आणून लावलाय. एक अवघड गोष्ट: अप्पा सकाळ-संध्याकाळ पोळीचे तुकडे घालतात. त्यांना नाही कसं म्हणू?

पाणकणीस:
नाही म्हणू नका, पोळी बदला. त्यांच्या हातात गोल्डफिशच्या दाण्यांची चिमूट द्या, दोन मिनिटांत संपेल एवढीच. गोल्डफिशला जठर नसतं, एकदम जास्त गेलं की अर्धवट पचून पाण्यात येतं. थोडंथोडं दोनदा चालेल, पण चौथ्या दिवसापासून.

अमोनिया शून्यावर आला की फिल्टरचा पंप बदला. अडीच हजार लिटरला तासाला निदान तेवढंच पाणी फिरायला हवं, आणि उंचीवर चढवताना पंपाचा जोर कमी होतो, हे धरून मोठा घ्या. यूव्ही दिवा हिरवं पाणी नक्की निवळवतो, अमोनियाला मात्र हात लावत नाही. म्हणून तो सगळ्यात शेवटी.

धागाकर्ती:
म्हणजे या रविवारी काहीच धुवायचं नाही? स्पंजमधून पाणी नीट जात नसेल तरी?

पाणकणीस:
वरचा एकच थर काढा. हौदाचंच पाणी बादलीत घेऊन त्यात दोनदा पिळा आणि परत ठेवा. बाकीच्या दोन थरांना आणि गोट्यांना पावसाळ्यापर्यंत हात नको. अमोनिया रोज संध्याकाळी मोजून इथे लिहीत जा.