व्हिस्पर: शांत जागी तेच वाक्य पुन्हा पुन्हा, पुढे वेळही चुकते

प्रश्न: ४० मिनिटांच्या मराठी व्याख्यानाचा मजकूर व्हिस्परच्या (बोलणं मजकुरात बदलणारं ओपनएआयचं एआय) स्मॉल मॉडेलमधून, म्हणजे लहान आवृत्तीतून, काढला. वक्ता थांबला की एकच ओळ दहादा छापली जाते. शिवाय सबटायटल्स हळूहळू मागे पडतात. काय करावं?

उत्तर १: व्हिस्पर आवाज ३० सेकंदांच्या तुकड्यांत ऐकतं आणि आधीचा मजकूर पुढच्या तुकड्याला संदर्भ म्हणून देतं. शांततेत तोच संदर्भ घोळत राहतो. 'आधीच्या मजकुरावर अवलंबून' (condition_on_previous_text) हा पर्याय बंद करा. फास्टर-व्हिस्पर (व्हिस्परची वेगवान आवृत्ती) वापरत असाल तर व्हीएडी फिल्टर (बोलणं कुठे आहे ते ओळखणारा) चालू करा, म्हणजे शांत भाग मॉडेलपर्यंत जातच नाही. भाषा मराठी अशी स्वतः निवडा, नाहीतर ते हिंदी समजू शकतं. आणि मराठीला स्मॉल पुरत नाही, लार्ज-व्ही३ हे मोठं मॉडेल घ्या.

उत्तर २: वेळेचं आधी तपासा: फरक कायम सारखा आहे की वाढतोय? सारखा असेल तर सगळ्या ओळी एकदम सरकवा. वाढत असेल तर बहुधा फ्रेम रेटचा (व्हिडिओत सेकंदाला किती चित्रं) घोळ. २५ आणि २३.९७६ मध्ये दहा मिनिटांत सुमारे २५ सेकंदांचा फरक पडतो. सबटायटल एडिट या सॉफ्टवेअरमध्ये फ्रेम रेट बदलता येतो. मोबाइलवरचं चित्रीकरण असेल तर रेट अनेकदा मुळातच अस्थिर असतो. आधी तो स्थिर करून घ्या, संकलन झाल्यावर अंतिम व्हिडिओवरूनच ट्रान्सक्रिप्शन करा.

उत्तर ३: एसआरटी (सबटायटल्सची फाइल) हाताने दुरुस्त करताना मिलिसेकंदांआधी स्वल्पविराम हवा, टिंब नको. फाइल यूटीएफ-८ मध्येच जतन करा, नाहीतर देवनागरीऐवजी प्रश्नचिन्हं दिसतील.